सापाच्या पिल्लाचं उष्टावण

मंडळी, सापाचं नाव काढलं की ज्यांचे पाय आपोआप खुर्चीवर जातात त्यांनीही हा लेख वाचायला हरकत नाही. डूख धरणारा, सूड उगवणारा, मण्याची राखण करणारा असा एकही साप यात नाही. यात आहेत वीतभरापेक्षा थोडीशी लांब, पेन्सिलीएवढी जाड, नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं. आणि ती जेवत नाहीत म्हणून हवालदिल झालेली माणसं. घरात लहान मूल आहे अशा कुणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल :)

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो ऑनसाइटला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात असताना. आमच्या टीममधला टेस्टिंगचा माणूस घरी कॉर्न स्नेक पाळायचा. कॉर्न स्नेक म्हणजे आपल्या धामणीसारखा बिनविषारी, उंदीर खाणारा, पण अंगावर केशरी-तांबडे पट्टे असलेला देखणा साप. एका वीकेंडला त्याच्याकडे जेवायला गेलो तर कपाटात सतरा प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकात एक पिल्लू, टिश्यू पेपर आणि पाण्याची वाटी. शेजारी लॅपटॉपवर एक्सेल शीट. प्रत्येक पिल्लाला नंबर, पुढे तारखा, खाल्लं तर हिरवा चौकोन, नाही खाल्लं तर लाल. आम्हाला बग रिपोर्ट ज्या शिस्तीने पाठवायचा तीच शिस्त इथेही. सोळा ओळी हिरव्या व्हायला लागल्या होत्या. अकरा नंबरसमोर मात्र ओळीने पाच लाल चौकोन. पाच आठवडे पोटात अन्नाचा कण नाही. तो जेवताना दोनदा उठून तो डबा बघून आला.

मी म्हटलं, आजारी असेल. तो म्हणाला, आजारी असतं तर बरं झालं असतं, औषध दिलं असतं. हे ठणठणीत आहे, फक्त मी जे देतोय ते अन्न आहे यावर त्याचा विश्वास नाही.

हे वाक्य डोक्यात राहिलं आणि पुढचे कित्येक शनिवार-रविवार यात गेले. सापाच्या पिल्लाला पहिला घास कसा भरवायचा या वरवर किरकोळ प्रश्नामागे जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास निघाला. त्यात एक डॅनिश सर्जन आहे, कापसाचे बोळे आहेत आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एक निवृत्त शिक्षिकाबाईसुद्धा आहेत.

आधी अडचण नेमकी काय ते बघू. कॉर्न स्नेकची अंडी साधारण दोन महिन्यांनी फुटतात. पिल्लू बाहेर येतं तेव्हा अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा त्याच्या पोटात असतो, म्हणजे आई-बापाने डबा बांधून दिलेला असतो. (आई-बापाचं काम तिथे संपतं. अंडी घातल्यावर आई निघून जाते.) आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं, आणि त्यानंतर त्याला स्वतःचं स्वतः शोधून खायचं असतं. जंगलात ते काय शोधतं? बहुतेक छोटे सरडे आणि झाडावरचे छोटे बेडूक. उंदीर हा मोठं झाल्यावरचा आहार. माणूस त्याच्यासमोर काय ठेवतो? पिंकी. पिंकी म्हणजे नुकतंच जन्मलेलं, डोळे मिटलेलं, केस न आलेलं गुलाबी उंदराचं पिल्लू, वजन जेमतेम ग्रॅमभर, बहुधा फ्रीजरमधून काढून कोमट केलेलं. बरीच पिल्लं ते मुकाट गिळतात. काही मात्र त्याच्यावरून दोनदा जीभ फिरवतात आणि तोंड वळवून कोपऱ्यात जाऊन बसतात. त्यांच्या लेखी ती वस्तू टिश्यू पेपरइतकीच निर्जीव आणि निरर्थक असते.

जीभ फिरवतात, हे महत्त्वाचं. कारण निर्णय तिथेच होतो.

सापाची जीभ दुभंगलेली का, याचं उत्तर आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वात दिलेलं आहे. गरुडाने आईच्या सुटकेसाठी अमृत आणून दर्भावर ठेवलं, साप आंघोळीला गेले, तेवढ्यात इंद्राने कुंभ पळवला, आणि परत आलेल्या सापांनी अमृत सांडलं असेल या आशेने दर्भच चाटला. धारदार पात्यांनी जिभा चिरल्या. तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने तर्क लढवला की दोन टोकं म्हणजे चवीचा दुप्पट आनंद. मला दोन्ही उत्तरं आवडतात, कारण दोघांनीही जिभेचा संबंध खाण्याशी जोडला. इतर अनेकांनी जीभ म्हणजे सापाचा डंख असंच मानलं होतं.

१८११ साली लुडविग जेकबसन या डॅनिश सर्जनचा एका अवयवावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो काम करत होता सस्तन प्राण्यांवर. नाकाच्या तळाशी, टाळूच्या वर एक छोटी जोडी, आत संवेदना टिपणाऱ्या पेशी आणि मेंदूकडे जाणारी स्वतंत्र वायर. त्याला आजही जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. सापात हे इंद्रिय फारच विकसित असतं. त्याची जीभ स्वतः चव घेत नाही. ती बाहेर जाते, हवेतले आणि वस्तूवरचे रेणू गोळा करते आणि तोंडात आणते, तिथून ते टाळूतल्या या इंद्रियापर्यंत पोचतात. म्हणजे जीभ ही फक्त डेटा आणणारी, प्रोसेसिंग वर. दोन टोकांमुळे डावीकडे वास जास्त की उजवीकडे हेही कळतं, हे कर्ट श्वेंक या शास्त्रज्ञाने १९९४ साली नीट मांडलं.

पण हे इंद्रिय जेवणाच्या निर्णयासाठी खरंच लागतं का? १९३८ साली वाइल्ड नावाच्या संशोधकाने गार्टर स्नेक या अमेरिकेत सगळीकडे दिसणाऱ्या सापावर प्रयोग केले. गांडुळाचा वास आला की हा साप झडप घालतो. नाकाच्या वासाची नस कापली तरी झडप घालणं चालूच राहिलं. जेकबसनच्या इंद्रियाची नस कापली, आणि झडप बंद. प्रयोग क्रूर आहे, आज अशी परवानगी सहजी मिळणार नाही. पण त्यातून हे पक्कं झालं की आपण ज्याला वास म्हणतो तो सापाच्या लेखी बाजूचा रस्ता आहे. हमरस्ता जिभेवरून जातो.

आता तुम्ही म्हणाल, की प्राणिसंग्रहालयांना हा प्रश्न आधीच पडला नव्हता का? गंमत अशी की फारसा नाही, कारण तिथे पिल्लं व्हायचीच क्वचित. आधी प्रश्न होता अंडी उबवण्याचा. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १८३० च्या दशकात भारतातून परत जाऊन सांगितलं की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि तिचं अंग गरम लागतं. पॅरिसच्या विद्वानांनी त्याला उडवून लावलं, थंड रक्ताचा प्राणी अंडी कसा उबवेल? १८४१ मध्ये त्याच पॅरिसच्या संग्रहालयात एका अजगराच्या मादीने अंडी घातली, वेटोळं घालून बसली, वालांसिएन याने थर्मामीटर लावून बघितलं, ती खरंच गरम होती, आणि त्यातली काही अंडी फुटलीसुद्धा. लंडनने १८४९ मध्ये जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं, तिथे १८६२ मध्ये अजगराने शंभरच्या आसपास अंडी घातली, सगळं लंडन बघायला लोटलं, आणि एकही पिल्लू बाहेर आलं नाही. अंड्यांचीच ही कथा, तर पिल्लांच्या जेवणापर्यंत कोण पोचतोय.

मोठे साप मात्र उपाशी राहायचे आणि मरायचे. त्यावर उपाय एकच ठाऊक होता, जबरदस्ती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेमंड डिटमार्स हा सापांचा प्रमुख होता, त्या काळातला सापांचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस. तिथे भल्या मोठ्या अजगराला माणसांची रांग धरून उभी राहायची आणि काठीच्या टोकाने ससे त्याच्या घशात ढकलले जायचे. अजगर त्यातून तगतो. पाच-सहा ग्रॅम वजनाच्या पिल्लाला असं भरवायला गेलात तर जबडा मोडेल किंवा ते धसक्यानेच जाईल. पिल्लांसाठी बळ कामाचं नव्हतं. पिल्लाच्या मनात काय आहे ते आधी कळायला हवं होतं.

ते कळलं १९६० च्या दशकात, कापसाच्या बोळ्याने.

गॉर्डन बर्गहार्ट हा शिकागो विद्यापीठात पीएचडी करत होता. त्याचे गाइड एकहार्ड हेस हे बदकांच्या पिल्लांवर काम करणारे, अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लू जे पहिलं हलताना बघेल त्याच्या मागे फिरतं, ते प्रकरण. या दोघांनी १९६६ मध्ये कासवांच्या पिल्लांवर दाखवलं की काही दिवस जे पहिलं अन्न मिळेल तेच त्यांना पुढे आवडतं. म्हणजे पहिला घास हा नुसता घास नसतो, ती सेटिंग असते. मग सापांत काय? तिथे बर्गहार्टने प्रश्न अजून एक पायरी मागे नेला. ज्या पिल्लाने जन्मात काहीही खाल्लेलं नाही, त्याला आवडनिवड असते का?

प्रयोग इतका साधा आहे की मला त्याचा हेवा वाटतो. गांडूळ, मासा, किडा, जे काय असेल ते कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचं आणि बाहेर काढायचं. त्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवायचा. तो बोळा पिल्लाच्या नाकासमोर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरवर धरायचा आणि ठरावीक सेकंदांत जीभ किती वेळा बाहेर आली ते मोजायचं. चावलंच तर किती सेकंदांनी चावलं ते लिहायचं. नुसत्या पाण्याचा एक बोळा तुलनेसाठी. एवढंच. ना हालचाल, ना आकार, ना रंग, समोर फक्त पांढरा कापूस.

आणि पिल्लं कापसाला चावली! कुठल्याही कापसाला नाही. ज्या जातीचे मोठे साप गांडुळं खातात त्यांची पिल्लं गांडुळाच्या बोळ्याला. किडे खाणाऱ्या हिरव्या सापाची पिल्लं किड्याच्या बोळ्याला. ओढ्यात क्रेफिश नावाचे झिंग्यासारखे प्राणी खाणाऱ्या सापाची पिल्लं क्रेफिशच्या बोळ्याला. ज्यांनी तो प्राणी आयुष्यात पाहिलेला नाही, आईने दाखवलेला नाही, कुणी शिकवलेला नाही. १९६७ मध्ये हे 'सायन्स' या मासिकात छापून आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर फॅक्टरीतून बाहेर पडतानाच फर्मवेअरमध्ये एक यादी लिहिलेली असते: हा वास आला तर चाव. यादीत नसेल तर ते अन्न नाही, मग भले ते कितीही पौष्टिक असो.

इथे मला अकरा नंबर आठवला. त्याचा हट्ट नव्हता, आजार नव्हता. त्याच्या यादीत बहुधा सरडा होता आणि समोर येत होता उंदीर.

पुढचं पाऊल स्टीव्हन अर्नॉल्ड या जीवशास्त्रज्ञाचं, १९७७ आणि १९८१ मधलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात सुंदर काम. कॅलिफोर्नियात गार्टर स्नेकचीच एक जात किनाऱ्यावरही राहते आणि आत डोंगराळ भागातल्या तळ्यांकाठीही. किनारा दमट, धुक्याचा, तिथे बोटाएवढ्या, बिनशंखाच्या गोगलगायी भरपूर, आणि तिथले साप त्या मिटक्या मारत खातात. आतल्या भागात त्या गोगलगायी नाहीतच, तिथले साप मासे आणि बेडूक खातात. अर्नॉल्डने दोन्हीकडच्या गाभण माद्या आणल्या. (गार्टर स्नेक अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो.) प्रत्येक पिल्लू जन्मल्याबरोबर वेगळ्या खोक्यात ठेवलं, म्हणजे आई नाही, भावंडं नाहीत, बघून शिकायला कुणी नाही. आणि रोज समोर गोगलगायीचा छोटा तुकडा.

किनाऱ्याकडच्या बहुतेक पिल्लांनी खाल्ला. आतल्या भागातली बहुतेक पिल्लं भूक लागूनही त्याला शिवली नाहीत. एकच जात, एकच खोली, एकच तुकडा. मग त्याने दोन्हीकडच्यांचे संकर करून बघितले, बर्गहार्टचे कापसाचे बोळेही वापरले, आणि दाखवलं की ही आवडनिवड आनुवंशिक आहे. यात एक डोकेबाज उपकथानकसुद्धा आहे. ज्या पिल्लांना गोगलगाय चालते त्यांना जळूही चालते, दोन्हींचा वास सापाला सारखाच लागतो. किनाऱ्यावर जळवा नाहीत. आतल्या तळ्यांत आहेत, आणि गिळलेली जळू आत जिवंत राहून सापालाच चावू शकते. म्हणजे आतल्या भागात गोगलगायीला नाही म्हणणं हे नुसतं नखरेलपण नसावं. त्या 'नाही'ने त्यांच्या पूर्वजांचे जीव वाचवले असावेत, असा अर्नॉल्डचा तर्क होता.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. 'बहुतेक' हा शब्द. आतल्या भागातली सगळी पिल्लं नाही म्हणाली नाहीत. मूठभर अशीही निघाली की ज्यांच्या खानदानात कुणी गोगलगाय पाहिली नव्हती, तरी त्यांनी तुकडा उचलला. उत्क्रांतीला काम करायला कच्चा माल लागतो तो हाच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उंदराकडे वळू. कारण गोष्टीतली अर्धी बाजू सापाची असली तरी उरलेली अर्धी त्या गुलाबी पिंकीची आहे.

अॅबी लॅथ्रॉप या मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावच्या. जन्म १८६८. शाळेत शिकवायच्या, तब्येतीमुळे सोडलं, कोंबड्या पाळून बघितल्या, जमलं नाही. मग १९०० च्या सुमारास शोभेचे उंदीर पाळायला लागल्या. त्या काळी पांढरे, ठिपक्यांचे, गोल गोल फिरणारे 'नाचरे' उंदीर हौशी लोक विकत घ्यायचे. हे उंदीर हार्वर्डच्या विल्यम कॅसल या प्राध्यापकाने १९०२ पासून आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी मागवायला सुरुवात केली आणि बाईंचा धंदा बदलला. एका वेळी अकरा हजारांपर्यंत उंदीर त्यांच्याकडे असायचे. त्या व्यवस्थित नोंदी ठेवायच्या, आणि आपल्या काही उंदरांना गाठी येतात हे त्यांच्या लक्षात आलं. लिओ लोब या डॉक्टरबरोबर त्यांनी कर्करोगावर शोधनिबंध लिहिले. डिग्री नसलेल्या, गावातल्या खुराड्यात काम करणाऱ्या बाईचं नाव १९१० च्या दशकात शोधनिबंधांवर सहलेखिका म्हणून छापलं जातं, यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा. १९१८ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या ५७ नंबरच्या मादीपासून क्लॅरेन्स लिटल याने १९२१ मध्ये जो वंश सुरू केला तो आज जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांपैकी आहे. २००२ मध्ये उंदराचा जीनोम वाचून प्रसिद्ध झाला तो याच वंशाचा.

सापाच्या पिल्लाचा याच्याशी काय संबंध? संबंध पुरवठ्याचा. लॅथ्रॉपबाईंसारख्या लोकांनी आणि त्यांच्यानंतरच्या प्रयोगशाळांनी उंदीर हा कारखान्यात बनवता येणारा माल आहे हे सिद्ध केलं. तीन आठवड्यांत बाळंतपण, एका वेताला सहा-आठ पिल्लं, दीड-दोन महिन्यांत ती पिल्लंही तयार. स्वस्त, बारमाही, फ्रीजरमध्ये टिकणारा. सरडे असे पिकवता येत नाहीत. त्यामुळे साप पाळणाऱ्यांनी उंदीर निवडला तो सापाला आवडतो म्हणून नाही, आपल्याला सोयीचा म्हणून. (जाता जाता, इंग्रजीतला 'माउस' आणि आपला मूषक हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. आणि घरातला उंदीर हा मूळचा अमेरिकेचा नाहीच, तो जहाजांतून तिकडे गेला.)

कॉर्न स्नेकला लिनियसने १७६६ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेव्हापासून कॅरोलायना हेच त्याचं माहेर. पण हौशी लोकांत त्याला प्रतिष्ठा दिली ती न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाच्या कार्ल कॉफेल्डने. साउथ कॅरोलायनातल्या ओकिटी नावाच्या शिकारक्षेत्रातल्या लालभडक कॉर्न स्नेकबद्दल त्याने १९५७ च्या पुस्तकात इतकं रंगून लिहिलं की 'ओकिटी' हा आजही त्या सापाचा ब्रँड आहे. १९६९ च्या दुसऱ्या पुस्तकात कुठल्या जातीला कसं ठेवायचं, काय खायला घालायचं हे सांगितलं, आणि ते पुढच्या पिढीचं बायबल झालं.

आणि मग आले बर्नार्ड बेक्टल, पेशाने त्वचारोगतज्ज्ञ. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एक रंगहीन नर सापडला होता, काळा रंगच नाही, डोळे लाल. बेक्टल यांनी मेंडेलचं वाटाण्याचं गणित या सापावर लावलं. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधी, ती मोठी करून आपसात जोडी लावली की दुसऱ्या पिढीत चारातलं एक रंगहीन. १९६१ मध्ये ती पिल्लं निघाली. गणित दोन ओळींचं आहे, पण मधल्या 'मोठी करून' या दोन शब्दांत दोन-तीन वर्षं जातात आणि ती सगळी पहिल्या घासावर उभी आहेत. जे पिल्लू जेवलं नाही ते गणितातून बाद.

१९८०-९० च्या दशकांत याचा धंदा झाला. रंगांच्या शेकडो तऱ्हा, एकेका पिल्लाची किंमत, आणि म्हणून न जेवणाऱ्या पिल्लासाठी युक्त्यांची लांबलचक यादी. पिंकी साबणाने धुवायची, म्हणजे उंदराचा वास जातो. मग ती सरड्यावर घासायची, फ्लोरिडात मिळणारा छोटा हिरवा अनोल सरडा त्यासाठी फेमस. सरड्याची गळून पडलेली कात पिंकीला चिकटवायची. पिंकीच्या डोक्याला चीर द्यायची, आतल्या वासाने काही पिल्लं चावतात. पिल्लू आणि पिंकी झाकणाच्या छोट्या डबीत रात्रभर अंधारात ठेवायचं, म्हणजे जीभ बाहेर काढली की समोर तीच. काहीच नाही जमलं तर शेवटी चिमट्याने अलगद तोंडात द्यायची. आपल्याकडे यात कुणी दूध सुचवेल, पण नागपंचमीला साप दूध पितो तो आधी तहानेने व्याकूळ ठेवलेला असतो म्हणून. दूध कुठल्याच सापाच्या यादीत नाही.

बर्गहार्टचा कापूस आणि हे सरड्याने माखलेलं पिंकी यात तत्त्वाचा काहीच फरक नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोन्हीकडे वस्तू एक, लेबल दुसऱ्याचं. पुढचा भागही प्रयोगशाळेने दाखवलेला आहे. फुक्स आणि बर्गहार्ट यांनी १९७१ मध्ये दाखवलं की पिल्लाला एका अन्नावर वाढवलं की त्या वासाकडची त्याची ओढ वाढत जाते. यादी जन्मजात असते पण कायमची बंद नसते. म्हणून सरड्याचा वास दर खेपेला थोडा थोडा कमी करत नेला की महिन्या-दोन महिन्यांत पिल्लू साध्या पिंकीवर येतं. अकरा नंबर असंच मार्गी लागलं. सहाव्या आठवड्यात कुणीतरी अंगणातून पकडून दिलेल्या अनोलवर पिंकी घासली, आणि सकाळी डबी रिकामी होती. ऑफिसात त्या दिवशी त्याने सगळ्यांना डोनट वाटले, कारण कुणालाच कळलं नाही.

इथवर सगळं गोड आहे. मला खटकतो तो पुढचा भाग. प्रत्येक अकरा नंबरला असा माणूस मिळत नाही. शेकडो पिल्लं काढणाऱ्याला एकेका पिल्लामागे सहा आठवडे परवडत नाहीत. जी हट्टाने नाही म्हणतात ती बऱ्याच ठिकाणी मरतात किंवा दुसऱ्या सापांचं अन्न होतात. जी पिंकी पहिल्या दिवशी गिळतात ती मोठी होतात, त्यांची पिल्लं होतात. अर्नॉल्डचा 'बहुतेक' आठवा. किनाऱ्यावर आणि डोंगरात निसर्गाने जे केलं तेच काम इथे डब्यांच्या कपाटात, कुणी ठरवून न करता, पन्नास-साठ वर्षं चालू आहे. कॉर्न स्नेक हा नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा साप, पिल्लंसुद्धा पटकन जेवतात, असं पाळणारे सांगतात. माझा तर्क असा की त्या सोपेपणाचा काही भाग तरी आपण घडवलेला आहे, न जेवलेल्या पिल्लांच्या खर्चाने. त्या पिल्लांची एक्सेल शीट कुणी छापत नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर सांगतो. आपल्याकडे देशी साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण परदेशी सापांची हौस आपल्याकडेही पोचली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. परत बँकॉकला पाठवले गेले ते. बॉल पायथन तर उपास धरण्यासाठी जगप्रसिद्ध, जागा बदलली तरी महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. पाकिटातून येणाऱ्या सापाबरोबर त्याने शेवटचं कधी आणि काय खाल्लं याची चिठ्ठी येत नसते. असा साप विकत घेणारा, त्याने नाही म्हटलं की डॉक्टरकडेही नेऊ शकत नाही, कारण मुळात आणलाच चोरून.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात जी बेटांची माळ आहे तिथेही कॉर्न स्नेक आहेत. रंगाने फिकट, अंगाने बारीक. बेटांवर सरडे मुबलक. तिथल्या सापांची पिल्लं पिंकीला नाही म्हणण्याबद्दल पाळणाऱ्यांत बदनाम आहेत, आणि त्यांच्यासाठी फ्रीजरमध्ये उंदरांच्या शेजारी सरड्यांचीही एक पिशवी ठेवावी लागते.